छंदाचा रकाना

वार्षिक परीक्षा संपून सुटी लागायच्या सुमारास आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवा लेखनप्रकार बहरास आला आहे. कोणत्याही वाङ्मयेतिहासाने त्याची अद्याप दखल घेतलेली नाही. परंतु त्याचे लेखक पुष्कळ आहेत आणि त्याचे वाचक सक्तीचे आहेत. हुशार मुलांसाठी भरणारी गणिताची शिबिरे, सुटीतील प्रज्ञासंवर्धनाचे वर्ग, परदेशी विद्यापीठांची उन्हाळी सत्रे यांच्या प्रवेश-अर्जांत ‘छंद’ या नावाचा एक रकाना असतो. तो भरण्यासाठी केलेले लेखन, असे या प्रकाराचे वर्णन करता येईल. अर्ज दहा-बारा वर्षांच्या मुलाचा असतो आणि रकान्यातले वाक्य चाळिशीतल्या माणसाचे असते. चित्रकला, पोहणे, तबला या छंदांचीही या रकान्यात थोडीफार आबाळ होतेच. पण ज्या मुलाला कोडी सोडवायची आवड आहे त्याच्यावर येथे जो अन्याय होतो त्याला तोड नाही, असे आमचे मत आहे. ते आम्ही येथे जरा विस्ताराने मांडणार आहोत.

तबला शिकणाऱ्या मुलाची परीक्षा होते, पोहणाऱ्याला पदक मिळते, चित्र काढणाऱ्याचे चित्र अर्जाला जोडता येते. कोडे सोडवणाऱ्याजवळ दाखवण्यासारखे काय असते? पाठकोऱ्या कागदावरची खाडाखोड, ताटात तसाच राहिलेला घास, आणि दिवे मालवल्यावर अंथरुणात एकाएकी उठून बसणे. यांपैकी कशालाच प्रमाणपत्र नाही. रिकामा रकाना मात्र पालकांना सोसवत नाही. मग मोजता येईल असे काहीतरी शोधले जाते आणि पुढीलसारखा मजकूर सिद्ध होतो: ‘माझ्या पाल्यास वयाच्या चौथ्या वर्षापासून कोडी सोडविण्याची उपजत आवड असून त्याने आजवर पाचशेहून अधिक सुडोकू सोडविली आहेत. रुबिकचा क्यूब तो चाळीस सेकंदांत लावतो. या छंदामुळे त्याची तर्कशक्ती, चिकाटी व समस्या-निराकरणाची क्षमता विकसित झाली आहे.’ इंदुरात आमच्या मंडळाच्या वाचनालयात गेल्या काही वर्षांत ‘जरा भाषा पाहून द्या’ म्हणून जे अर्ज आमच्यापुढे आले, त्यांतल्या तीन-चारांचे सार आम्ही येथे एकत्र केले आहे. हे अर्ज इंग्रजीत होते हे सांगायला नकोच. व्याकरण निर्दोष होते. दोष एवढाच की त्यात मूल नव्हते. नाव बदलून तोच मजकूर शेजारच्या मुलाच्या अर्जात घातला असता तरी एक अक्षर हलवावे लागले नसते. आणि आता तर असा मजकूर क्षणार्धात लिहून देणारी यंत्रेही घरोघरी आली आहेत, त्यामुळे त्याची उरलीसुरली किंमतही संपली आहे.

‘पाचशे सोडविली’ या शब्दांतून नेमके काय कळते, हे पाहण्यासाठी एक जुनी आणि विश्वसनीय हकीकत आठवावी. १९१४च्या डिसेंबरात इंग्लंडमधील ‘स्ट्रँड’ मासिकात हेन्री ड्यूडनी यांनी एक कोडे दिले होते. जर्मन सैन्याने त्याच वर्षी जाळलेल्या बेल्जियममधील लूव्हाँ गावाचा त्यात उल्लेख होता. एका लांबलचक रस्त्याच्या एका कडेला घरे आहेत, त्यांना ओळीने एक, दोन, तीन असे क्रमांक आहेत. एका गृहस्थाच्या घराच्या अलीकडील सर्व क्रमांकांची बेरीज आणि पलीकडील सर्व क्रमांकांची बेरीज सारखीच येते. घरे पन्नासाहून अधिक आणि पाचशेहून कमी आहेत. तर त्या गृहस्थाचा क्रमांक कोणता? केंब्रिजमध्ये शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी हे वाचले, थोडी आकडेमोड करून काही मिनिटांत उत्तर काढले, आणि भाजी परतत असलेल्या आपल्या मित्राला ते कोडे वाचून दाखवले. मित्र श्रीनिवास रामानुजन. त्यांनी भाजी ढवळता ढवळताच उत्तर उतरवून घ्यायला सांगितले. आणि जे सांगितले तो एक आकडा नव्हता, तो एक अखंड चालणारा परंपरित अपूर्णांक होता. त्यातून आठ घरांच्या रस्त्यावरील सहावे घर निघते, एकोणपन्नास घरांतले पस्तिसावे निघते, २८८ घरांतले २०४वे निघते (ड्यूडनींना हवे होते ते हेच), आणि पुढेही अशी घरे निघतच राहतात.

आता या दोघा तरुणांनी आजचा अर्ज भरला असता, तर दोघांच्याही रकान्यात एकच नोंद झाली असती: कोडे सुटले. वेळेच्या रकान्यात दोघेही ‘काही मिनिटे’ लिहिते. दोघेही थोर निघाले हे खरे, पण एकाने एका रस्त्यावरचे एक घर शोधले होते आणि दुसऱ्याला जगातले असे सगळे रस्ते एकदम दिसले होते, हा भेद कोणत्याही संख्येत मावत नाही. तो सांगायचा तर कोडे कोणते, ते कसे धरले, काय सुचले, हे सांगावे लागते. छंदाच्या रकान्यात नेमके हेच कधी लिहिलेले नसते.

रामानुजनांचे उदाहरण फार उंचावरचे झाले, असे कोणी म्हणेल. मग आपल्या आजीच्या पातळीवर उतरू. शेर-मणांचा व्यवहार होता त्या काळात सांगितले जाणारे एक कोडे आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐकले असेल. चाळीस शेरांचा एक मण. एका वाण्याचा मणाचा दगड हातातून पडला आणि फुटून त्याचे चार तुकडे झाले. वाणी हळहळला, पण मग त्याच्या लक्षात आले की, या चार तुकड्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कोणतेही पूर्ण शेरांचे वजन करता येते. तर तुकडे किती किती शेरांचे होते, सांग पाहू? (हे कोडे केवळ आपले नव्हे. फ्रान्समध्ये बाशे याने १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या कोड्यांच्या पुस्तकातही ते आहे, आणि तेथेही आकडा चाळीसच आहे.)

मूल कामाला लागते. एक शेराचा तुकडा तर हवाच. दोन शेर करायचे तर दोनाचा हवा. एक आणि दोन मिळून तीन, मग चाराचा, मग सात शेरांपर्यंत भागते, म्हणून आठाचा. चार तुकडे झाले आणि बेरीज भरली पंधरा. चाळीस कुठे आणि पंधरा कुठे! मूल पुन्हा पहिल्यापासून करते. पुन्हा पंधरा. येथे बहुतेक मुले उत्तर विचारतात, काही रागावतात आणि एखादे मूल दोन दिवस गप्प होते. त्या दोन दिवसांत त्याच्या मनात जे चालते त्याला आम्ही छंद म्हणतो. आणि मग कधीतरी, घरात कोणी भाजीवाल्याच्या तराजूविषयी बोलत असताना किंवा काही कारण नसतानाही, त्याला दिसते की, वजन एकाच पारड्यात टाकले पाहिजे असे कोणीही सांगितलेले नाही. माल असलेल्या पारड्यातही दगड ठेवता येईल! एकीकडे तीन आणि मालाबरोबर एक, की झाले दोन शेर. मग दोनाचा तुकडा कशाला हवा? एक आणि तीन यांत चारापर्यंत सगळे बसते. पुढचा तुकडा नवाचा, कारण नवातून चार गेले की पाच. आता तेरापर्यंत पोचलो. पुढचा सत्तावीस, कारण सत्ताविसांतून तेरा गेले की चौदा. एक, तीन, नऊ, सत्तावीस. बेरीज बरोबर चाळीस.

ज्या मुलाने आधी पंधरावर डोके आपटले नाही, त्याला या चाळिसाची गोडी कळणार नाही. शिवाय ते पंधरा म्हणजे निव्वळ चूक नव्हे. एक, दोन, चार, आठ ही दुपटीची माळ त्या मुलाने स्वतः शोधलेली असते, आणि आजचे सगळे संगणक त्याच माळेवर चालतात. एका पारड्याचा नियम मानला तर तेच उत्तम उत्तर आहे. म्हणजे मुलाने एका कोड्यात दोन शोध लावले. पण अर्जात यांतला एकही येत नाही, कारण पहिला ‘चुकले’ म्हणून झाकला जातो आणि दुसरा ‘सुटले’ म्हणून मोजला जातो.

येथे भाषेचा मुद्दा येतो, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना तो अधिक झोंबणारा आहे. आपल्या घरांत कोडे अजूनही पुष्कळदा मराठीत घातले जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडे मूल शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलते, बेळगावात कन्नडही असते, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. पण आजी-आजोबांपाशी बसून उखाणा सोडवताना ते मराठीत विचार करते. गोव्यात तर कोड्याला ‘हुमाण’ असा स्वतंत्र, घरगुती शब्द आहे. वजनाच्या त्याच कोड्याकडे पाहा. रिकामे भांडे आधी तोलून, तेवढेच वजन दुसऱ्या पारड्यात टाकून तराजू समतोल करणे याला आपल्याकडे ‘धडा करणे’ म्हणतात. ज्या मुलाने आजीकडून हा शब्द ऐकला आहे, त्याला दोन्ही पारडी वापरण्याची कल्पना अर्धीअधिक त्या शब्दानेच दिलेली असते. (‘धडा’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे, तो येथे ओढून आणण्याचा मोह आम्ही आवरतो.) आता हे सारे इंग्रजी रकान्यात ‘उत्कृष्ट विश्लेषणक्षमता’ या अर्थाच्या दोन शब्दांत जाऊन बसते. तराजू गेला, वाणी गेला, आजी गेली, पंधरावरचा राग गेला. क्षमता तेवढी राहिली, आणि ती तर अर्जाच्या प्रत्येक प्रतीत असते.

कोडे ही मुळात दोघांची गोष्ट आहे, हेही या रकान्यामुळे विसरले जाते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५०च्या सुमाराची. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून नाग बिळाकडे येतो आहे आणि मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची चाल सारखी, तर ते बिळापासून किती हातांवर भेटतील? उत्तर बारा हात. पण या ग्रंथातली उदाहरणे नुसती मांडलेली नाहीत. ती कोणाला तरी विचारलेली आहेत. कधी एखाद्या बालेला, कधी मित्राला, कधी गणकाला हाक मारून. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, तो १२०७चा. पाठशाळेतही कोड्याला विचारणारा आणि ऐकणारा होता. अर्जात मात्र मूल एकटे, आणि त्याच्यासमोर ‘आवड’ नावाचा एक गुण, रक्तगटासारखा.

क्यूबविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण आजकाल तो प्रत्येक अर्जात असतो. एर्नो रुबिक या बुडापेस्टच्या वास्तुशास्त्राच्या अध्यापकाने तो १९७४ साली घडवला, आणि स्वतःच फिरवलेला तो ठोकळा पुन्हा पूर्वस्थितीला आणायला त्याला महिनाभर लागला. तो महिना आम्हांला आजच्या चाळीस सेकंदांहून मोलाचा वाटतो. आज गल्लोगल्ली निघालेल्या वर्गांत फिरवण्याची सूत्रे पाठ करून घेतात. बोटे वेगवान होतात. ती एक कसरत आहे, तिच्या स्पर्धा होतात आणि त्या स्पर्धांत काही गैर नाही. मल्लखांबासारखाच तोही एक कौशल्याचा प्रकार आहे. पण ज्याला सूत्र शिकवले त्याने कोडे सोडवले असे म्हणू नये. ज्याने घड्याळ न लावता, कोणाला न विचारता, पहिला थर कसा जुळतो आणि दुसरा जुळवताना तो का बिघडतो हे स्वतः धुंडाळले, त्याचे दोन थरच लागले असतील, तर अर्जात ते दोन थर यावेत.

आम्हांला या प्रकाराची नुसती हौसेने चिडच येत असती, तर एवढी शाई खर्ची घातली नसती. प्रश्न मुलाच्या मनाचा आहे. आमच्या ओळखीची एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याचे कोडे तिने एकेकाळी आठवडाभर पुरवले होते. पलीकडे पोचवलेली शेळी पुन्हा अलीकडे आणायची, हे तिला काही केल्या पटत नसे. केलेले काम उलटे कशाला करायचे, असा तिचा प्रश्न होता आणि तो फार चांगला प्रश्न होता. पुढे तिच्यासाठी एका वर्गाचा अर्ज भरला गेला. त्यात ‘तीनशे कोडी’ असा आकडा पडला. तो आकडा तिने वाचला. मुले मोठ्यांचे लिहिलेले फार काळजीपूर्वक वाचतात. तेव्हापासून ती मोजू लागली. वहीच्या मागे रेघा ओढू लागली. आणि रेघा लवकर वाढाव्यात म्हणून सोपी कोडी निवडू लागली. आठवडाभर पुरवण्याजोगे कोडे समोर आले की ती पान उलटते, कारण त्या आठवड्यात एकच रेघ वाढणार. प्रवेश तिला मिळाला. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तुझे आवडते कोडे कोणते?’ असे विचारल्यावर ती गप्प राहिली, असे तिची आई हसत हसत सांगत होती. आम्हांला हसू आले नाही. शेळीचे कोडे अर्जात नव्हते, म्हणून ते सांगण्यासारखे नाही, असा तिचा समज झाला होता.

यावर पालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ते म्हणतात, जागा थोड्या, अर्ज फार. वाचणाऱ्याला वेळ नसतो. मोठा आकडा दिसला नाही तर कागद बाजूला पडतो. इतर सगळे फुगवून लिहीत असताना आमच्या मुलाने पंधरावर अडकल्याची कथा सांगायची काय? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण अर्ज वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहा. ‘तर्कशक्ती विकसित झाली आहे’ हे वाक्य त्याने सकाळपासून शंभरदा वाचले आहे. एकशे एकावा कागद म्हणतो: ‘मी आधी एक, दोन, चार, आठ घेतले. पंधराच झाले. मला वाटले कोडेच चुकीचे आहे. आजी म्हणाली, कोडे बरोबर आहे. मग मी दोन दिवस काहीच केले नाही. मग मला कळले की दगड दोन्हीकडे ठेवता येतो.’ हे वाचायला अर्धे मिनिट लागते. आणि ज्याला गणित कळते असा वाचक हा कागद खाली ठेवणार नाही. गणित न कळणारा वाचक ठेवील. तर त्या वर्गात मुलाला घालून काय साधायचे, हा वेगळा विचार पालकांनीच करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांच्या लिहिण्यावर निवड करू लागलो तर ज्यांच्या घरी लिहायची सवय आहे त्यांचेच फावेल. त्यापेक्षा पर्याय निवडायची चाचणी बरी, तीत सगळे सारखे. हा आक्षेप आपल्या देशाने एकदा मान्य करून पाहिला आहे. १९६३ साली दिल्लीपुरत्या दहा शिष्यवृत्त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती देशभर गेली. त्या काळी विज्ञानाच्या चाचणीबरोबर मुलाला एक निबंध लिहावा लागे, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे, आणि मग मुलाखत होई. माध्यम मात्र केवळ इंग्रजी होते, म्हणजे खेड्यातल्या हुशार मुलाला दार बंदच. १९७६च्या सुमारास योजनेचा विस्तार झाला, सामाजिक शास्त्रे आली, आणि राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उत्तरे देण्याची मुभा मिळाली. उत्तम झाले. पण त्याच फेरबदलात निबंध आणि प्रकल्प गेले, वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचण्या आल्या. मुलाला आपली भाषा मिळाली तेव्हा त्या भाषेत लिहायचे असे काही उरले नव्हते! पुढची पंचेचाळीस वर्षे शिकवणी-वर्गांनी त्या चाचण्यांची जी तयारी करून घेतली, ती ‘सगळे सारखे’ या तत्त्वाला धरून होती असे कोणी म्हणणार नाही. २०२१पासून ती योजनाही स्थगित आहे.

लिहायला लावणे आणि आपल्या भाषेत लिहू देणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसमध्ये दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपापल्या भाषांत प्रकल्पांचे अहवाल मांडले आहेत. आणि निवडीच्या पद्धतीचेच उदाहरण हवे असेल तर अमेरिका-कॅनडात त्याच वर्षापासून भरणाऱ्या ‘मॅथकॅम्प’चे घ्यावे. तिकडे गेलेल्या आपल्या नातेवाइकांपैकी काहींच्या मुलांना हे शिबिर ठाऊक असते. तेथे अर्जाबरोबर काही अवघड प्रश्न घरी सोडवायला देतात. घड्याळ नसते, आठवडेच्या आठवडे मिळतात. उत्तराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ते कसे काढले याच्या मांडणीला असते, आणि पुरता न सुटलेला प्रश्नही जेवढा सुटला तेवढा पाठवावा, असे सांगितलेले असते. शिबिर महागडे आहे, मुले तेरा वर्षांपुढची असतात, इंग्रजीशिवाय गती नाही, हे सगळे मान्य. त्यांची फी उचलू नये. ही एक रीत उचलावी.

अशा वेळी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव निघतेच, आणि ते निघावे. १९०५ साली डहाणूस जन्मलेला, ठाण्याच्या शाळेत असताना अंकांच्या कोड्यांत तासन्‌तास रमणारा हा मुलगा पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होता. संशोधकाची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्याने ‘डेम्लो’ असे त्या स्थानकाच्या नावावरून बेतलेले नाव दिले. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या, मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठे असे मांडून वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ६१७४वर आलात की तेथेच घोटाळत राहता. ही गंमत त्या शाळामास्तराने शोधली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्याच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्याचे नाव जगभर गेले. कापरेकरांचे नाव सांगून ‘तुमच्याही मुलात एक कापरेकर दडला आहे’ असे आम्ही म्हणणार, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती आम्ही पुरी करणार नाही. कोडी सोडवणारी बहुतेक मुले पुढे बँकेत जातात, दुकान चालवतात, शिक्षक होतात, आणि त्यात त्यांचे काही बिघडत नाही. मुद्दा एवढाच की, ठाण्याच्या त्या मुलाचा रकाना कोणी आजच्या रीतीने भरला असता तर त्यात ६१७४पर्यंत नेणारे काहीच सापडले नसते. ‘अंकांशी खेळतो’ या दोन शब्दांत जे होते, ते ‘संख्यात्मक क्षमता उत्कृष्ट’ या तीन शब्दांत राहत नाही.

म्हणून पालकांना आमची पहिली विनंती अशी की, छंदाविषयी विचारलेले नसेल तर तो अर्जात घुसवू नये. मुलाचे सगळेच जगाला दाखवायचे नसते. काही कोडी त्याची आणि आजीचीच राहू द्यावीत. विचारले असेल तर एकच कोडे निवडावे, आणि ते मुलाने निवडावे. सुटलेले असावे असा आग्रह नको. मुलाने ते मराठीत सांगावे, पालकांनी जसेच्या तसे उतरवून घ्यावे. आणि अर्ज इंग्रजीतच हवा असेल तर त्याचे भाषांतर करताना ‘मला राग आला’ हे वाक्य गाळू नये. मुलाने ‘दगड’ म्हटले असेल तर त्याचे ‘वस्तुमान’ करू नये. आमच्याकडे भाषा तपासायला येणाऱ्यांना यापुढे आम्ही हेच सांगणार आहोत.

दुसरी विनंती आमच्या गावात सुटीचे वर्ग चालवणाऱ्या शिक्षक-मित्रांना आहे, कारण त्यांचे छापील अर्ज बदलणे त्यांच्याच हाती आहे. त्यांनी छंदाचा रकाना काढून टाकावा. त्या जागी एक कोरा कागद जोडावा आणि वर एवढेच छापावे: ‘ज्याच्याशी तू बराच वेळ झगडलास किंवा झगडलीस असे एक कोडे सांग. सुटले नसेल तरी चालेल. ज्या भाषेत विचार केला त्या भाषेत लिही. खाडाखोड राहू दे.’ पालकांची सही हवी असल्यास ती कागदाच्या मागच्या बाजूला घ्यावी.